पाहिलं तेवढंच बोला

माझी बायको यमुना या वर्षी होळीच्या आधी गेली. तिच्यावर लिहायला बसलो तर हात चालत नाही. दोन ओळी होतात, उठतो, अंगणात जातो, परत येतो. मग म्हटलं, निमकर सरांवर लिहू. सरांवर लिहिलं की ही त्यात येणारच. तिला येऊ नको म्हणून कोण सांगणार? नको तिथंसुद्धा यायची ती.

मी चौथी शिकलेला, बाळकुमचा कोळी. हाडं खाडीत झिजली. लिहिण्यात चुका असतील, त्या असू द्या. माझ्या चुका एकाच माणसानं काढलेल्या मला आवडायच्या, तो हा माणूस.

सर आमच्या पुढच्या खोलीत भाड्यानं राहायला आले तेव्हा बाळकुम अजून गावच होतं. आता सगळ्या टोलेजंग इमारती झाल्या, माझ्याच घराचा पत्ता मला नातवाला विचारावा लागतो. तेव्हा मागं खाडी, पुढं भातशेती, मध्ये आम्ही. सर ठाण्यातल्या एका शाळेत इंग्रजी शिकवायचे. मूळचे साताऱ्याकडचे. बायको वारलेली, मुलगी सासरी. माणूस बारीक, उंच, शर्टाची सगळी बटणं लावलेली, मानेचं बटणसुद्धा. मे महिन्यातसुद्धा. आणि मासळीला न शिवणारे.

मासळी न खाणारा माणूस कोळीवाड्यात खोली घेतो म्हणजे याचं काहीतरी बिनसलंय, असं आमच्या सगळ्यांचं मत पडलं. हिनं पहिल्याच दिवशी तोंडावर विचारलं.

"मास्तर, आमच्याकडं वास येनार. सकाली येनार, संध्याकाली येनार. मग बोलू नका."

सर म्हणाले, "कसला वास?"

"मासलीचा! अजून कसला?"

"बोंबलाचा की सुकटीचा?"

ही दारातून वळली. मग आत येऊन मला म्हणाली, "हा मानूस राहील."

राहिले. आठ-नऊ वर्षं राहिले.

सरांना सैल शब्द चालायचा नाही. आपण बोलताना शब्द कसे टाकतो, खाडीत केर टाकावा तसे. सर प्रत्येक शब्द उचलून बघायचे. मी म्हणायचो, "सर, आज फार मासळी पडली." सर विचारायचे, "फार म्हणजे किती?" मी म्हणायचो, "सगळं गाव म्हणतंय की पाऊस लवकर येणार." सर म्हणायचे, "सगळं गाव म्हणजे कोण कोण? नावं सांगा." मी नावं सांगायला लागलो की तिघांवर गाडी अडायची. त्यातला एक आमचा दामू, माझा चुलतभाऊ, आणि तो तर पावसाबद्दल दर वर्षी तेच म्हणायचा.

हिला ते विचारायचे, "यमुनाबाई, ताजं म्हणजे कधीचं?" विकत घ्यायचं नाही, खायचं नाही, पण विचारायचं. ही बाजारात बसणारी बाई. तिच्या तोंडाला ठाण्यातल्या मामलेदारानं लागू नये. पण सरांपुढं हसायची. म्हणायची, "ताजा म्हंजे तुमी शालंत गेलाव तवा पान्यात व्हता." सर मान हलवायचे. "हे चांगलं सांगितलंत."

त्यांची एक सवय गावाला कळायला वर्ष लागलं. रोज सकाळी ते आमच्या मागच्या वाटेनं बंदरावर जायचे. बंदर म्हणजे काय, होड्या लावायची जागा, दोन खुंट आणि चिखल. तिथं उभं राहून खाडीकडं तोंड करून मोठ्यानं इंग्रजी बोलायचे. हातवारे करायचे. मध्येच थांबून खाडीला काहीतरी विचारायचे. म्हाताऱ्या बायकांना वाटायचं, हा माणूस दर्यादेवाची पूजा करतो, त्यांच्याकडची असेल तशी. एकीनं तर त्यांच्या पाठीमागून जाताना नमस्कार केला. शेवटी दामूनं विचारलं, "सर, देव कोणता तुमचा?" तेव्हा कळलं, शाळेत त्या दिवशी जो धडा शिकवायचा तो सर आधी खाडीला शिकवून बघायचे.

"खाडीला कळतो का?" दामू म्हणाला.

"पोरांपेक्षा शांत बसते," सर म्हणाले.

ती वाट, तिच्यावरूनच पुढचं सगळं झालं. कोळीवाड्यापासून बंदरापर्यंत जाणारी एवढीशी वाट. जाळी, वल्ही, पाट्या, सगळं तिच्यावरून. नारळी पुनवेचा नारळ तिच्यावरून, गणपती तिच्यावरून. पिढ्यान् पिढ्या पाटीतनं पडलेले शिंपले पायाखाली चुरून ती पांढरी झाली होती. चांदण्यात दिसायची.

मग आजूबाजूची जमीन एका बिल्डर शेठनं घेतली. खोटं कशाला बोलू, जमीन आमच्याच लोकांनी विकली. वाट कोणी विकली नव्हती. पण शेठनं भिंत घालायला घेतली ती वाटेवरूनच. ऑफिसात जाऊन विचारलं तर तिथले साहेब म्हणाले, "नकाशात इथं वाट नाही. तुमच्याकडं काही कागद आहे का?" वाटेचा कसला कागद? आम्ही पायांनी केलेली.

बंदर गेलं म्हणजे होडी गेली. दुसरीकडून बंदरावर यायचं तर अख्ख्या गावाला वळसा, तो पण चिखलातनं, डोक्यावर ओली जाळी घेऊन. माझी होडी, दामूची होडी, हिचा बाजार, सगळं त्या एका वाटेला टांगलेलं.

गावानं ठरवलं, मोर्चा काढायचा. सर म्हणाले, "काढा." पण सरांची शाळा होती त्या दिवशी, ते आले नाहीत. इथंच चुकलं.

आता आमच्या गावाचं काय आहे, की सगळ्या गावानं एकत्र चालायचं म्हणजे हळद, लग्न, नाहीतर विसर्जन. चौथं कारण आम्हाला माहीत नव्हतं. त्यामुळं मोर्चा म्हटल्यावर कोणीतरी बँडला सांगितलं. कोणी सांगितलं ते आजपर्यंत कबूल झालं नाही. बायका नव्या लुगड्यात, डोक्यात फुलं. नाक्यापर्यंत घोषणा चालल्या, "वाट आमच्या हक्काची" वगैरे. नाक्यावर बँडवाल्यानं हळदीची चाल धरली. मग कोणाचे पाय थांबतात? ऑफिसपर्यंत आम्ही नाचत गेलो. माझी बायको सगळ्यात पुढं. ऑफिसातले कारकून खिडकीत आले. एकानं टाळ्या वाजवल्या. एक शिपाई खाली येऊन दामूबरोबर दोन गिरक्या मारून गेला. वरच्या मजल्यावरच्या एका बाईनं नवरा-नवरी कुठं आहेत म्हणून विचारलं. साहेबांना निवेदन द्यायचं होतं, ते कोणाच्या तरी कमरेला खोचलेलं होतं, नाचताना पडलं.

संध्याकाळी घरी आलो ते खूष. मोर्चा झकास झाला, असं सगळे म्हणत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी भिंत कमरेएवढी होती ती छातीला आलेली.

सरांना कळलं तेव्हा ते आमच्या ओट्यावर येऊन बसले. मग म्हणाले, "यमुनाबाई, तुम्ही काल काय केलंत?"

"मोर्चा."

"वरात केलीत. त्या लोकांना वाटलं तुम्ही आनंदात आहात."

"मग काय रडायचा व्हता? रडलो तर बोलतील कोन मेला."

"रडायचं नाही, नाचायचं नाही. प्रोटेस्ट करायचा."

हा शब्द आमच्या ओट्यावर पहिल्यांदा तेव्हा आला. पेपरात असतो, सिनेमात असतो, पण सर तो असा बोलले की जसं काही हातात घेऊन दाखवतायत. मी म्हटलं, सर, प्रोटेस्ट म्हणजे मोर्चाच ना, इंग्रजीतला.

"नाही," सर म्हणाले. "लोक असंच समजतात, की प्रोटेस्ट म्हणजे आरडाओरडा. मोर्चा चालतो, धरणं बसतं, घेराव घेरतो. ती सगळी करायची रीत झाली. आत जे असायला लागतं त्याला प्रोटेस्ट म्हणायचं. हा फार जुना शब्द आहे, इंग्रजीच्याही आधीचा, लॅटिनमधला. त्याच्या पोटात साक्षीदार बसलाय. प्रोटेस्ट म्हणजे चारचौघांसमोर उभं राहून साक्ष देणं. हे असं आहे, मी पाहिलंय, मी सांगतो."

दामू म्हणाला, "आणि मुर्दाबाद कधी म्हणायचं?"

"तू मुर्दा पाहिलास का?"

"नाही."

"मग म्हणायचं नाही."

हिनं विचारलं, "म्हंजे कोर्टात उभा करतात तसा?"

"तसंच. फक्त कोर्टानं बोलावलेलं नसतं. आपण होऊन जायचं."

हे हिला पटलं. हिला पटलं म्हणजे बाजारात पोचलं, आणि बाजारात पोचलं म्हणजे गावभर झालं. पुढचा महिनाभर बाळकुमात प्रोटेस्टशिवाय पान हलेना. आमटीत मीठ कमी पडलं तर नवऱ्याचा प्रोटेस्ट. सासूनं माहेरी धाडलं नाही तर सुनेचा प्रोटेस्ट. माझी मधली मुलगी जयवंती शाळेत जायला नको म्हणून खांबाला मिठी मारून बसली आणि म्हणाली, "माझा प्रोटेस्ट हाय." सर कपडे वाळत घालत होते, तसेच आले.

"तू काय पाहिलंस?" त्यांनी विचारलं.

पोरीनं खांबाची मिठी अजून घट्ट केली.

"काही पाहिलं नाहीस ना? मग तू रुसली आहेस. रुसणं वेगळं. रुसून शाळेत जाता येतं. चल."

शब्द वापरून वापरून गुळगुळीत होतो याचं त्यांना खरंच वाईट वाटायचं. पण हसायचेही. हिनं एकदा त्यांना विचारलं, "मास्तर, मांजरानं बोंबील नेला तो मी डोल्यानं पाहिला. आता माझा प्रोटेस्ट व्हतो का?" सरांनी विचार केला. म्हणाले, "होतो. पण मांजरासमोर उभं राहून सांगायला हवं." हिनं खरंच सांगितलं. मांजर ऐकून निघून गेलं.

दुसऱ्या वेळी आम्ही ऑफिसात गेलो नाही. निवेदन परत लिहून दिलं होतं, त्यावरून साहेब जागा बघायला येणार होते, म्हणून भिंतीपाशीच उभे राहिलो. बँड नाही, घोषणा नाही. सरांनी एकच नियम घालून दिला. एकेकानं पुढं यायचं, नाव सांगायचं, आणि या वाटेवर स्वतः जे पाहिलं, जे केलं, तेवढंच बोलायचं. पाहिलं तेवढंच बोला, पुढं नाही. सरांनी त्या दिवशी शाळेतून रजा घेतलेली.

आता शाळेचं सांगायला हवं. सरांच्या शाळेचे चेअरमन आणि आमचे शेठ, दोघांची भागीदारी होती. हे सगळ्या गावाला माहीत होतं. आदल्या दिवशी ही सरांना म्हणाली, "मास्तर, तुमी मागं उभे ऱ्हावा. तुमी बोलू नका. तुमची नोकरी हाय."

सर म्हणाले, "मग मी इतके दिवस तुम्हाला काय शिकवलं?"

साहेब आले. तरुण होते, पायात चकचकीत बूट. बरोबर शेठचा माणूस. तो हसत होता. त्याला पहिली वरात माहीत असणार.

दामूला सगळ्यात आधी बोलायची घाई. तो पुढं गेला, छाती फुगवली आणि म्हणाला, "साहेब, ही वाट दोनशे वर्षांची हाय."

"तू दोनशे वर्षांचा आहेस का?" हा आवाज साहेबांचा नाही, शेठच्या माणसाचाही नाही. निमकर सरांचा! "दामू, खाली बस. पाहिलेलं सांग."

गावाला घाम फुटला. हा माणूस आपल्या बाजूचा की त्यांच्या? माझ्या शेजारचा एक जण तर सरळ शिवी देऊन मोकळा झाला. दामूचं तोंड पडलं. तो म्हणाला, "मी... माझ्या बापाला या वाटेनं उचलून आणला. होडीत चक्कर येऊन पडलेला. मी आणि शेजारचा नारायण, दोघांनी."

साहेब तोवर हातातल्या कागदाकडं बघत होते. त्यांनी मान वर केली ती दामूला बसवलं तेव्हा, आणि मग खाली घातली नाही. मला वाटतं त्यांनी पुष्कळ मोर्चे पाहिले असणार. आपल्याच माणसाला खाली बसवणारा मोर्चा पाहिला नसणार.

मग एकेक जण आला. कोणी जाळं सांगितलं, कोणी नारळ, कोणी पुरात वाहून आलेली म्हैस. एका म्हातारीनं सांगितलं, मी लग्न होऊन होडीतनं आले आणि या वाटेनं घरात शिरले, तेव्हा पायाला शिंपला लागला, हा बघा वण. माझी पाळी आली, मी माझं सांगितलं, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

मग ही. हिच्या आवाजाला सगळी बाजारपेठ घाबरायची. मला वाटलं आता शेठच्या माणसाची धडगत नाही. पण ही हळू बोलली. इतकं हळू की साहेब पुढं वाकले.

"माझा नाव यमुना. माझी मधली पोर या वाटंवर झाली."

साहेब म्हणाले, "वाटेवर म्हणजे?"

"म्हंजे वाटंवर. होडीतनं उतरले, डोक्यावर पाटी व्हती. घराकडं निघाले नि पोटात कल आली. पुढं चालवंना. तिथं भेंडीचा मोठा झाड हाय, त्याच्याखाली बसले. मागनं बायका येत व्हत्या त्यांनी लुगडी धरली. पोर झाली. तो झाड आता भिंतीच्या आत गेलाय. पोर ही इथं उभी हाय."

जयवंती लाजून माझ्या मागं लपली. ती झाली तेव्हा मी खाडीत होतो. वाटेवर झाली एवढं ऐकून माहीत होतं. पण कुठलं झाड, कुठली जागा, ते मलाही तेव्हाच कळलं. हिनं कधी सांगितलं नव्हतं, मी कधी विचारलं नव्हतं.

साहेब म्हणाले, "झाड दाखवा." ही पुढं, साहेब मागं. बांधकामाच्या विटांवरून दोघं आत गेली. झाड होतं. साहेबांनी बुटाच्या टोकानं झाडाजवळची माती उकरली. वरची भर बाजूला झाली तसा खाली पांढरा चुरा निघाला. शिंपले. त्यांनी थोडं पुढं जाऊन उकरलं, तिथंही निघाले. शेठचा माणूस आता हसत नव्हता.

साहेब परत आले. सगळे झालेत का म्हणून विचारलं. तेव्हा सर पुढं गेले. मानेचं बटण लावलेलं. नाव सांगितलं. शाळेचं नाव सांगितलं, स्पष्ट, शेठच्या माणसाला ऐकू जाईल असं. मग म्हणाले, "मी रोज सकाळी या वाटेनं खाडीपर्यंत जातो. भिंत नव्हती तेव्हा जात होतो. मला एवढंच माहीत आहे." आणि मागं येऊन उभे राहिले. बाकी इतकं काही सांगण्यासारखं होतं त्यांच्याकडं, पण एवढंच.

वाट मिळाली. पूर्वीसारखी नाही मिळाली. भिंत झाली, पण भिंतीत जागा सोडली. पाटी घेतलेली एक बाई जाईल एवढी. जाळं न्यायचं तर घडी करून, वल्हं उभं धरून. पण मिळाली. बंदर राहिलं. माझी होडी पुढं पुष्कळ वर्षं त्या बंदरावर लागली. तक्रार नाही.

सरांची बदली झाली. शाळेची एक शाखा कल्याणला होती, तिथं, वर्षाच्या मध्येच. ही पदर खोचून उभी राहिली. सगळ्या बायका गोळा केल्या. शाळेवर जायचं, चेअरमनपुढं उभं राहायचं, प्रोटेस्ट.

सर म्हणाले, "नाही. तुम्ही काय पाहिलंत?"

"बदली केली त्यानं!"

"केली. का केली ते त्याच्या मनात. त्याचं मन तुम्ही पाहिलं आहे का? नाही. मग?"

हिनं खोचलेला पदर सोडला. म्हणाली, "त्याचा मन नाय पाहिला, मास्तर. तुमचा तोंड पाहिला. कागद वाचला तवा."

  सरांनी चष्मा काढून पुसला, परत घातला. मग म्हणाले, "कल्याणला शाळा चांगली आहे. पोरं आहेत. मी जातो. तुम्ही वाट सांभाळा." आणि खरं सांगतो, ते काही उदास नव्हते. जरा वेळानं हिच्याकडं चहा मागून घेतला, दुसरा पण घेतला.

सामान न्यायला टेम्पो मिळत होता. हिनं नाही म्हटलं. "मास्तर आमच्या होडीतनं जातील." सरांचं सामान म्हणजे पुस्तकं. ती हिनं मासळीच्या पाट्यांत भरली. पाट्या आधी घासून उन्हात टाकल्या होत्या, पण पाटीचा वास जातोय थोडाच. सकाळी बायकांची रांग लागली. एकेक पाटी डोक्यावर, एकामागं एक, भिंतीतल्या त्या जागेतनं बंदरावर. सर शेवटी, हातात छत्री.

भरती धरून निघालो. मी, दामू, ही आणि सर. काल्हेर मागं पडलं, कोपरकडचा रेल्वेचा पूल आला, वारा चांगला होता. सर बोलत होते, हिला विचारत होते, हा पक्षी कुठला, त्याला तुम्ही काय म्हणता. ही सांगत होती. एवढं सुख मी फार थोड्या वेळा पाहिलंय. फार थोड्या म्हणजे किती, ते विचारू नका.

कल्याणला घाटावर पाट्या उतरवल्या, वर गोणपाट टाकलेलं. सर त्यांच्यामध्ये उभे. ओहोटी लागायच्या आत निघायला हवं होतं म्हणून आम्ही लगेच होडी लोटली. तेवढ्यात घाटावरच्या दोन-तीन बायका धावत आल्या. ठाण्याची होडी, पाट्या, त्यांना वाटलं मासळी आली. एकीनं विचारलं, "काय भाव?" सरांनी वाकून गोणपाट उचललं आणि एक जाडजूड पुस्तक काढून तिच्यापुढं धरलं, अगदी हलवा मासा धरावा तसं, दोन्ही हातांनी. बायका इतक्या हसल्या की आवाज पाण्यावरनं आमच्यापर्यंत आला. सरही हसत होते. मानेचं बटण उघडं होतं. पुढं त्यांची माझी गाठ पडली नाही.

 दुपार कलता बाळकुमला लागलो, पाणी उतरलेलं. चिखलातनं वर आलो, ही पुढं, मी मागं. भिंतीतल्या त्या जागेत शेठचा नवा पहारेकरी स्टुलावर बसलेला. हिला बघून तो उठला, स्टूल ओढून बाजूला झाला. त्यानं काही विचारलं नाही, हिनं काही सांगितलं नाही. ती तशीच सरळ आत शिरली, आणि तिच्या मागं मी.